थोरलीचा कान

भांडण सामानाच्या खोलीत चाललं होतं आणि जयवंती चहाचा ट्रे धरून दाराबाहेर उभी होती. आत जावं तर बोलणं तुटणार, मागे फिरावं तर पाय हलेनात, कारण आत तिचा नवरा होता.

ही गोष्ट मस्कतची, दोन हजार अकरा सालातली. तिथल्या कुरुम भागात अहमद नावाच्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याचा बंगला होता. सगळे त्याला अर्बाब म्हणत, म्हणजे मालक. कुणाला घोड्यांचा नाद असतो, कुणाला लग्नांचा. याला जुन्या मातीच्या वस्तूंचा. बंगल्याच्या मागच्या अंगाला त्याने घरचंच म्युझियम बांधलं होतं. त्याचा कारभार किशोरी मॅडमकडे. मॅडम पुण्याच्या, लंडनला शिकून आलेल्या, चालताना टाचा वाजवणाऱ्या. जयवंतीचा नवरा रमण तिथे लाकडी खोकी बनवायचा, आलेली वस्तू खोक्यातून काढून जागेवर बसवायचा. जयवंती बंगल्याच्या स्वयंपाकघरात होती आणि म्युझियमचा चहाही तिच्याच गळ्यात होता.

त्या आठवड्यात फ्रान्समधल्या लिलावातून मेक्सिकोचा एक कलश आला होता. कलश म्हणून नारळ ठेवायला जाल तर फसाल. मागे नळकांड्यासारखं भांडं, आणि पुढे त्याला चिकटून मांडी घालून बसलेली देवाची मूर्ती. हात गुडघ्यांवर, डोक्यावर पिसांचा दांडगा टोप, दोन्ही कानांत वाटीच्या तोंडाएवढ्या गोल चकत्या. रंग चुलीतल्या राखेचा. तिकडचे झापोटेक लोक पंधराशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या सोबतीला थडग्यात असे कलश ठेवायचे. एकट्याला करमू नये म्हणून असेल.

तर या मूर्तीच्या उजव्या कानाच्या चकतीचा टवका उडालेला होता. मागच्या कडेला, नखाएवढा. खोकं उघडलं त्या दिवशी अर्बाबच्याच बोटाला तो लागला, आणि त्याने विचारलं, हे काय. मॅडमनी वस्तू घेताना ‘कुठे तडा नाही, टवका नाही’ असं लिहून सही केली होती. पुढून बघून केली होती. पाठ फिरवून बघायचं राहून गेलं. आता सही चुकली म्हणायची की कुणाचा तरी हात चुकला म्हणायचा? मॅडमनी हात निवडला.

आत रमण हळू आवाजात सांगत होता. तो म्हणाला की ही फूट जुनी आहे. ताजी असती तर आतली माती फिकी दिसली असती. ही काळवंडलीय, हिच्यात धूळ मुरलीय. माझ्या आजोबांपासून आमचा मातीचा धंदा आहे, मला कळतं.

मॅडम आदल्या दिवसापर्यंत त्याला रमणदादा म्हणायच्या, अहोजाहो करायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, “कुंभाराने मला शिकवू नये. तुझी अक्कल मडक्यापुरती. या कागदावर सही कर की तुझ्या हातून फुटलं, आणि गुपचूप घरी जा. नाही केलीस तर पोलीस येतील.”

 मग पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. रमण बाहेर आला आणि बायकोकडे न बघता निघून गेला. जयवंती आत गेली. मॅडमनी कप उचलला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“चहा कोमट आहे,” त्या म्हणाल्या.

एका माणसाचा संसार उठवून झाल्यावर या बाईला चहा कोमट लागला. जयवंती नंतर म्हणायची, सहीचं मी एखाद वेळेस गिळलं असतं, चहाचं नाही गिळलं.

रमण आठ दिवसांत घरी पाठवला गेला. जयवंतीला कुणी हात लावला नाही, कारण अर्बाबच्या आईला तिच्या हातची तांदळाची भाकरी लागायची, आणि म्हातारीच्या भाकरीपुढे अर्बाबचंही काही चालत नसे. वादी अदाई वस्तीतल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत रमणने पिशवी भरली आणि म्हणाला, “तूही चल. काय राहिलंय इथे?”

“माझं काम राहिलंय,” ती म्हणाली. “तुम्ही व्हा पुढे.”

कसलं काम ते तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं.

रमणचं घर पेणच्या बाजूला. भावाचा गणपतीचा कारखाना. मस्कतला जायच्या आधी रमण तिथे आखणी करायचा, म्हणजे गणपतीचे डोळे काढायचा. मूर्ती हजार जण करतील, डोळे काढणारा हात एखाद्याचाच. तो परतला तेव्हा भावाने त्याच्या पिशवीतली त्या सहीच्या इंग्रजी कागदाची प्रत मास्तरांकडून वाचून घेतली. लिहिलं होतं, याच्या हातून देवाचा कान फुटला. भाऊ तसा वाईट नव्हता, पण गिऱ्हाइकाला भिणारा. म्हणाला, देवाचा कान फोडलेला हात मी देवाच्या डोळ्याला कसा लावू? लोक काय म्हणतील? आणि त्याने रमणला माती मळायला बसवलं. ज्या हाताने डोळे काढले तो हात पोरासोरांच्या रांगेत शाडू तिंबायला लागला. फोनवर रमण हे कधी बोलला नाही. जावेने सांगितलं, आणि अगदी तपशिलाने सांगितलं. जावा अशा बाबतीत काही हातचं राखत नाहीत.

तेव्हा जयवंतीला आपलं काम कळलं. त्या सहीच्या कागदाला उलटवणारा दुसरा कागद रमणच्या हातात पडायला हवा. आणि तो लिहिताना मॅडमना झोंबायला हवं. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा थोडी जास्तच हवी होती, खोटं कशाला बोला.

दरम्यान तिने चहाचं बघितलं. मॅडमच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळात छताला एसीचं तोंड होतं. जयवंती वाफाळता कप घेऊन त्याखाली उभी राहायची. चहावर साय धरली की आत जायची. एक दिवस नाही चुकला. मॅडम चमच्याने साय बाजूला करायच्या, नाक मुरडायच्या आणि मस्कतच्या हवेला बोल लावायच्या. कप बदलून झाले, थर्मास आणून झाला. थर्मासचं झाकण जयवंतीने उघडं ठेवलं.

रमण गेल्यावर वस्तू पुसायचं कामही तिच्याकडे आलं. दर मंगळवारी ती दारावरच्या जहूरकडून किल्ली घ्यायची. जहूर रत्नागिरीकडचा, रमणचा दोस्त, शिकलेला आणि तोंडाचा चोख. ती मऊ कुंचल्याने कलशाची धूळ काढायची, आणि कानामागे कुंचला पोचत नाही म्हणून करंगळीला फडकं गुंडाळून फिरवायची. टवक्याशी आली की करंगळी थांबायची. ‘बघ,’ ती मूर्तीला मनात म्हणायची, ‘तुझ्यापायी झालं सगळं. तुला तोंड आहे एवढं मोठं, बोलत का नाहीस?’

दोन वर्षांनी मूर्ती बोलली. तिची बोलायची तऱ्हा निराळी, इतकंच.

दोन हजार तेराच्या थंडीत दुसरा कलश आला. हा अमेरिकेतल्या कुणा विक्रेत्याकडचा, मॅडमनी स्वतः शोधलेला, अर्बाबच्या गळी उतरवून घ्यायला लावलेला. टोप वेगळा, छातीवरची माळ वेगळी, पण तोंड आणि कान पहिल्यासारखेच. मॅडमना तर आकाश ठेंगणं झालं. म्हणाल्या, दोन्ही एकाच हाताचे, एकाच थडग्यातले, जुळे. मूर्ती म्हणून जयवंतीने पहिलीला थोरली म्हणायला सुरुवात केली, दुसरीला धाकटी.

पहिल्या मंगळवारी ती धाकटीला पुसायला बसली. करंगळी उजव्या कानामागून फिरली आणि थांबली. तिथेच, तसाच, नखाएवढा खळगा.

 मग उठून थोरलीचा कान चाचपला, परत धाकटीचा. थोरलीचा टवका खरखरीत, रवाळ. माती भाजल्यानंतर फुटली की अशीच लागते. धाकटीचा खळगा गुळगुळीत. वरून सगळीकडे फिरलेला मातीचा हात त्या खळग्यातूनही फिरलेला. म्हणजे तो फुटलाच नव्हता. घडवला होता.

जयवंती कुंभाराची लेक. माहेरी चाक, सासरी साचे. दुसऱ्याच्या तयार मूर्तीवरून कुणी चोरून साचा काढला की काय होतं हे तिने लहानपणापासून बघितलेलं. शेजारचा कारखानदार तेच करायचा, आणि एकदा मूळ मूर्तीच्या सोंडेवरचा ओरखडा त्याच्या दोनशे गणपतींच्या सोंडेवर उतरला होता. साचा आंधळा असतो; देव उचलतो तशी खोडही उचलतो. आणि दुसरी एक गोष्ट. माती सुकताना आखडते, भाजताना आणखी आखडते. साच्यातून निघालेलं लेकरू आईपेक्षा लहानच निघतं.

तिने पोत्याच्या शिवणीचा दोरा काढला. थोरलीच्या चकतीवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धरला, गाठ मारली. तोच दोरा धाकटीवर धरला. गाठ गव्हाच्या दाण्याएवढी बाहेर लोंबली. चारदा मोजलं, चारदा तेवढीच लोंबली.

आता नीट बघा तिच्या हातात काय आलं. तिकडे मेक्सिकोत कुणा लबाडाने थोरलीवरून साचा उचलून धाकटी घडवली, तेव्हाच थोरलीचा कान फुटलेला होता. मग थोरली रमणच्या हाती यायच्या कितीतरी आधीच तो टवका उडालेला. रमण सुटला. आणि धाकटी ठरली नकली, मॅडम बुडाल्या.

दुसरी कुणी असती तर धावत अर्बाबकडे गेली असती. जयवंतीने दोरा पदराच्या टोकाला बांधला आणि मॅडमचा चहा ठेवला. कारण आज बोलावं तर मॅडम म्हणणार, हो का, मला शंका होतीच. धाकटी परत जाणार, आणि मॅडमचं काय वाकडं होणार? रमणला शाईने मारलं होतं. मॅडमचंही शाईत उमटायला हवं होतं. अर्बाबला आपल्या वस्तूंचं पुस्तक काढायचं होतं आणि ते मॅडमच लिहीत होत्या.

झालं, ती जहूरच्या मागे लागली. किल्ली घेताना दर मंगळवारी तेच.

“छापलं का हो?”

“न्हाय अजून, वहिनी. तुम्हाला काय, परीक्षा द्यायचीय त्याची?”

“देणार आहे कुणीतरी.”

दोन वर्षं तिने विचारलं. रमण फोनवर ये म्हणायचा. ती म्हणायची, थोडंच राहिलंय. घरच्यांना वाटलं बाईला परदेश मानवला.

दोन हजार सोळाच्या फेब्रुवारीत पुस्तक आलं, गुळगुळीत कागदाचं, उशीसारखं जाड. जहूरने पान काढून वाचून दाखवलं: दोन्ही कलश एकाच हाताने, एकाच वेळी, पंधराशे वर्षांपूर्वी घडवलेले. खाली मॅडमचं नाव. जयवंतीने त्याला ते नाव पुन्हा एकदा वाचायला लावलं. कानाला बरं वाटत होतं.

त्याच आठवड्यात अर्बाबने पाहुणे बोलावले. आठ-दहा जण, सगळे जाणते. जयवंती कहवा आणि खजूर फिरवत होती. मॅडमनी साडी नेसली होती आणि दोन्ही कलशांमध्ये उभ्या राहून माहिती सांगत होत्या. अर्बाब मुंबईशी व्यापार करता करता हिंदी शिकलेला, आणि खुशीत असला की नोकरमाणसांची थट्टा करणारा. त्याने जयवंतीला थांबवून विचारलं, एवढी वर्षं तू यांची तोंडं पुसतेस, तुझी लाडकी कुठली?

पाच वर्षं ती ज्या दाराबाहेर उभी होती ते दार त्याने आपल्या हाताने उघडलं. जयवंतीने ट्रे खाली ठेवला.

“थोरली,” ती म्हणाली. “धाकटी तिच्याच पोटची आहे.”

अर्बाबने पाहुण्यांना ते अरबीत सांगितल्यावर ते हसले. मॅडमही हसल्या आणि मराठीत म्हणाल्या, “जुळ्या आहेत त्या, बाई. पोटची नव्हे.”

“जुळ्या म्हणजे एकाच वेळी जन्मलेल्या ना, मॅडम? पंधराशे वर्षांमागे?”

“हो.”

“पुस्तकात तसं छापलंय?”

“छापलंय. का?”

मग जयवंती अर्बाबला कळावं म्हणून आपल्या मोडक्या हिंदीत, एकेक शब्द मोजून बोलली. “मग थोरलीचा कान माझ्या नवऱ्याने पाच वर्षांमागे फोडला, तर धाकटीचा तसाच, त्याच जागी, पंधराशे वर्षांमागे कसा फुटला?”

अर्बाबने हातातला पेला ठेवला. तो उठला, थोरलीच्या कानामागे बोट फिरवलं, मग धाकटीच्या. मग मॅडमकडे बघितलं.

मॅडम हुशार होत्या. फार हुशार माणसाचं असं होतं की घर पेटलं तर ते दागिन्यांची पेटी आधी उचलतं. त्यांना धाकटी वाचवायची होती. त्या इंग्रजीत म्हणाल्या, आणि मग हिंदीत, की असं दिसतंय की दोन्ही टवके जुनेच आहेत. दोन्ही कलश एकत्र पुरलेले, एकाच दगडाखाली एकाच वेळी दुखावलेले.

“म्हणजे रमणने फोडला नाही?” जयवंतीने विचारलं.

मॅडम साडीचा पदर सारखा करायला लागल्या. अर्बाबने तोच प्रश्न पुन्हा विचारला, अगदी हळू.

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “नसावा.”

“नसावा की नाही?”

“नाही.”

हे पदरात पडल्यावर जयवंतीने पदराची गाठ सोडली. रमणला सोडवलं होतं. आता दागिन्यांची पेटी राहिली होती. दोरा थोरलीवर धरला, गाठीपर्यंत बरोब्बर. धाकटीवर धरला, गाठ बाहेर लोंबली. तिने अर्बाबचा हात धरून त्याचं बोट खरखरीत टवक्यावर ठेवलं, मग गुळगुळीत खळग्यावर. साचा म्हणजे काय, माती का आखडते, खोड कशी उतरते, सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. पाहुण्यांतला एक दाढीवाला पुढे होऊन स्वतः दोरा धरून बघायला लागला.

मॅडम तिच्याकडे बघत होत्या. जयवंती त्यांना मराठीत म्हणाली, “कुंभाराची अक्कल, मॅडम. मडक्यापुरतीच असते.”

धाकटीच्या तळातला मातीचा कण परदेशी तपासायला गेला. तीन महिन्यांनी उत्तर आलं: भाजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. अर्बाबला कुणीतरी समजावलं की असे खोटे कलश जगातल्या मोठमोठ्या म्युझियममध्येही निघालेत, लाज नको वाटायला. त्याला वाटलीच. पुस्तकाची खोकी सामानाच्या खोलीत एकावर एक रचली गेली, आणि मॅडमना महिन्याची मुदत मिळाली.

पण कागदाचं काम जयवंतीने त्या पाहुण्यांच्या दुसऱ्याच दिवशी काढलं होतं. अर्बाबने मॅडमना लिहून द्यायला सांगितलं. जयवंतीने अट घातली, मराठीत, मॅडमच्या हाताने, बंगल्याचा शिक्का मारून. जहूरने पहिला कागद वाचला. ‘गैरसमज झाला होता’ असं लिहिलं होतं.

“गैरसमज आपोआप होतो,” जयवंती म्हणाली. “हा कुणीतरी केला. परत लिहायला सांगा.”

दुसऱ्यात ‘चूक झाली’ होतं. तोही परत. मॅडमनी पेन आपटलं, रडल्या, म्हणाल्या ही बाई माझा जीव घेणार आहे. जहूरलाही दया आली. तो म्हणाला, “वहिनी, खलास करा आता. चूक म्हणतेय ना ती.”

“तुमचा दोस्त पाच वर्षं माती मळतोय, जहूरभाई. ती तीनदा कागद लिहील.”

तिसऱ्यात लिहिलं होतं: मी खोटं बोलले. कान आधीच फुटलेला होता. रमणदादांच्या हातून काही फुटलं नाही. ‘दादा’ तेवढं जयवंतीने घालायला लावलं.

जहूरने फोटो काढून फोनवर पाठवला. जाऊ म्हणाली, भावाने कारखान्यात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला, दोनदा. जूनमध्ये आखणी सुरू झाली तेव्हा त्याने स्वतः कुंचला धुऊन रमणपुढे ठेवला. रमणने पहिल्या मूर्तीला अख्खी सकाळ घेतली. संध्याकाळी फोन केला.

“झालं ना तुझं काम,” तो म्हणाला. “आता त्या बाईला सोड. ये घरी.”

“येते,” ती म्हणाली. “तिच्या आधी मात्र नाही.”

मॅडमचा शेवटचा दिवस आला तो मंगळवारच होता. जयवंतीचं तिकीट त्याच रात्रीचं. सकाळी तिने जहूरकडून किल्ली घेतली, थोरलीला पुसलं. मग सामानाच्या खोलीत गेली. धाकटीला तिथे कोपऱ्यात, खोक्यांच्या आड ठेवली होती. मॅडम तिथेच आपली पुस्तकं भरत बसल्या होत्या, टाचा नसलेल्या चपला घालून. जयवंतीने काही न बोलता धाकटीलाही पुसलं, कानामागे करंगळी फिरवली. साऱ्या मस्कतात रमणच्या बाजूने साक्ष दिली ती या खोटारडीनेच.

ती उठली तेव्हा मॅडम मान वर न करता म्हणाल्या, “एक कप चहा मिळेल का, जयवंतीबाई?” जयवंतीबाई त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं. डोळे सुजलेले होते.

जयवंतीने आलं ठेचून घातलं, दूध सढळ घातलं, चांगला उकळवला. अर्बाबच्या आईने वास आल्यावर विचारलं, कुणासाठी एवढा? ती म्हणाली, पाहुणीसाठी.

वाफाळता कप ट्रेमध्ये ठेवून ती बोळातून निघाली. एसीच्या तोंडाखाली पोचली, थांबली. आतून पुस्तकं खोक्यात पडल्याचे आवाज येत होते. जयवंतीने कपाकडे बघितलं आणि चहावर साय धरेपर्यंत उभी राहिली. मग दार ढकलून आत गेली.